एचबी सात, गोळ्या चालू, तरी फरक नाही: सिकलची तपासणी झाली का?

स्लाईडवाला

नमस्कार मंडळी. ग्रामीण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करतो, वैनगंगेच्या खोऱ्यात. "भाऊ, रक्त कमी आहे, गोळ्या चालू आहेत, फरक काही नाही" असं सांगणारी माणसं रोज टेबलासमोर बसतात. चिठ्ठीवर एचबीचा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, आकडा असते, पण तो कशामुळे उतरला ते कुठेच लिहिलेलं नसते. म्हणून हा धागा. माझं म्हणणं एवढंच, की गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात एचबी कमी आलं, तर सिकलची (सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून आलेल्या जनुकांमुळे तांबड्या पेशी इळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार) तपासणी झाल्याशिवाय ती चिठ्ठी पूर्ण झाली असं धरू नये.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. एचबी कमी असलेल्या माणसाच्या अंगातही जवळपास तेवढंच असते. कमी असते ते तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिन, म्हणजे फुप्फुसातून प्राणवायू उचलून अंगभर पोचवणारं प्रथिन. या पेशी हाडांच्या मगजात तयार होतात, सेकंदाला सुमारे २० लाख. एक पेशी साधारण १२० दिवस टिकते. मग प्लीहा आणि यकृत तिला मोडतात आणि तिच्यातलं लोह काढून परत मगजाकडे पाठवतात. नव्या पेशींसाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते, पण जेवणातून अंगात जाते फक्त १ ते २ मिलिग्रॅम. बाकी सगळं जुन्याच पेशींचं.

हा हिशोब लक्षात आला की गोळीचं कोडं सुटते. बाईची पाळी जास्त जाते, अनवाणी पायातून हुकवर्म शिरून आतड्यात रक्त पिते, बाळंतपणं लागोपाठ होतात. यात लोह अंगाबाहेर जाते, म्हणून गोळीचा गुण येते. सिकलमध्ये पेशी १२० ऐवजी १० ते २० दिवसांत फुटते. फुटते ती अंगातच, म्हणजे लोह आतच राहते. मगज रात्रंदिवस पेशी काढून राहिला तरी पुरा पडत नाही. तिथे लोहाच्या गोळ्यांचा ढीग लावून काय होणार?

गोळ्या नियमित घेऊन एका महिन्यात एचबी किमान १ ग्रॅमनं वाढायला पाहिजे. नाही वाढलं तर डोस वाढवून मागू नका, कारण शोधून मागा.

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, तुम्ही तं माह्या घरचंच लिवलं. पोराले नववं वर्स हाय. एचबी ७ निंघालं. शायेत गोया देतेत थ्या खाते, घरी टॉनिक हाय, बीट हाय, डायिंब हाय. फरक नाई. बारका होता तवा हातापायाची बोटं टम्म सुजे, रातभर लळे. वात हाय म्हणून सांगतलं होतं. मंग डोये पिवये झाले, तं आईनं कावीय उतरवून आनली. अजूनही मधातच पिवये होतेत. हे सगळं एकच हाय का बाप्पा?

बालरोगवाला

ठेचा भाऊ, तपासल्याशिवाय नाव देणार नाही. पण तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी एका ओळीत ठेवल्या, तर आमच्यापैकी कोणीही आधी सिकलच तपासेल.

सहा महिने ते दोन वर्षं या वयात दोन्ही हातापायांची बोटं सुजणं ही या आजाराची पुष्कळदा पहिली खूण असते. जन्मल्यावर काही महिने बाळ चांगलं असतं, कारण तोवर गर्भातलं हिमोग्लोबिन अंगात असतं. ते ओसरलं की त्रास सुरू होतो. डोळे पिवळे होतात ते यकृत बिघडलं म्हणूनच असं नाही. पेशी फुटल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन तयार होतं, ते साचतं. म्हणून ही कावीळ उतरवली तरी परत येते.

वाट पाहू नये अशा गोष्टी लिहून ठेवतो, घरात सगळ्यांना सांगा. सिकलच्या मुलाला १०१ च्या वर ताप आला तर तो "साधा ताप" धरायचा नाही, त्याच दिवशी दवाखाना. जंतूंना गाळून मारणारी प्लीहा या मुलांमध्ये लहानपणीच निकामी होत जाते, आणि मग न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत रक्तात पसरतो. यासाठीच पाच वर्षांपर्यंत रोज पेनिसिलिन देतात आणि न्यूमोकोकसची लस देतात. दुसरं, पोर अचानक पांढरंफटक पडलं आणि डाव्या बरगडीखाली गोळा हाताला लागला, तर प्लीहेत रक्त अडकलं आहे असं समजा आणि निघा. आम्ही आयांना पोटाला हात लावून प्लीहा चाचपायला शिकवतो. ज्या आईला ते जमतं तिचं पोर वेळेत पोचतं. तिसरं, छातीत दुखून धाप लागणं. चौथं, तोंड वाकडं होणं किंवा एका बाजूची ताकद जाणं. हो, लहान मुलांनाही लकवा होतो, आणि त्याचं एक मोठं कारण हाच आजार आहे.

झाडीपट्टी

मी धानवाला माणूस जी, सिंदेवाहीकडला. लहान भावाले हाच आजार आहे, एसएस, म्हंजे दोन्ही जनुकं सिकलचे. त्याच्या दुखण्याचं कॅलेंडर घरात सगळ्याइले पाठ आहे. रोवणीत बांधीतल्या थंड पाण्यात दिवसभर उभा राहिला, वरून पाऊस, की रात्री मांड्या आणि कंबर धरते. पुसात कडाक्याची थंडी पडली की धरते. मोहफुलं वेचाले पहाटे गेला, पाणी न पेता दुपारी आला, की धरते. तेंदूच्या फळीवर, म्हंजे पानं गोळा कराच्या जागी, मे महिन्यात ऊन लागलं तं विचारूच नोका. आधी आमी म्हनो, कामचोर आहे. असं कावून होते, थे कोनी नीट सांगितलंच नव्हतं.

स्लाईडवाला

झाडीपट्टी दादा, तुमच्या कॅलेंडरात सगळं आलं. कारण असं:

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ घटक असतात. सिकलमध्ये त्यातला फक्त सहावा बदललेला, ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा बदलानं काय होते, तर प्राणवायू सोडला की हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवते. गोल, लवचीक पेशी इळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. बारीक रक्तवाहिनी पेशीपेक्षाही अरुंद असते, साधी पेशी त्यातून दुमडून निघून जाते. ताठ पेशी अडकते. पांदणीत एक बंडी फसली की मागच्या सगळ्या उभ्या राहतात, तसं. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि जी कळ उठते ती हाड मोडल्यासारखी.

थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात. पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होते आणि दोऱ्या लवकर बनतात. ताप, अतिश्रम यांनीही तेच. म्हणजे रोवणी, मोहफुलं आणि तेंदू, आपल्याकडचा सगळा हंगामच या आजाराच्या वाईटावर आहे.

मी_एसएस

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. वय २३, एसएस, बी.ए. झालं आहे. "कामचोर" हा शब्द वाचला आणि हसू आलं, कारण मला दवाखान्यात "नाटक करते" म्हटलेलं आहे. बाहेरून काही दिसत नाही ना. ना जखम, ना सूज. कण्हत असलेल्या मुलीची नाडी ठीक आहे म्हणून तिला बाकावर बसवून ठेवतात.

कोणी सांगत नाही ती गोष्ट सांगते. आमच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पाणी जास्त लागतं आणि लघवीलाही जास्त वेळा जावं लागतं. मोठी पोरंसुद्धा रात्री अंथरूण ओलं करतात, त्यांना मारू नका. शाळेत एका मॅडमनं तासाला बाहेर सोडणं बंद केलं, मग मी पाणी पिणंच बंद केलं, आणि त्या हिवाळ्यात परीक्षा खाटेवर गेली. पालकांनी शाळेत लेखी द्यावं: बाटली बेंचवर राहील, बाहेर जायला अडवू नका, थंडीत स्वेटर काढायला लावू नका, पीटीला दमली तर बसू द्या.

हायड्रॉक्सीयुरिया सुरू केल्यापासून माझं दुखणं पुष्कळ कमी झालं. हे औषध गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवतं, ते जास्त असलं की पेशी सहजी वाकत नाहीत. गुण यायला काही महिने लागतात, तोवर सोडायचं नाही. मधे मधे पेशींची मोजणी करावी लागते. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायचं, गरोदरपणात हे चालत नाही. फॉलिक अ‍ॅसिड रोज घेते. लोह घेत नाही.

वऱ्हाडी ठेचा

ताई, तुमचं वाचून पोराच्या मायले दाखोलं. थे रडली. रोज रातच्यानं झोडपत होती अंथरुनासाठी.

उमरेडकर

माहितीपूर्ण धागा. पण एक स्पष्ट बोलतो. हा आजार जंगल भागातल्या विशिष्ट समाजांमध्ये असतो. सगळ्यांनाच तपासणी करा म्हणून घाबरवण्यात अर्थ नाही. आमच्या समाजात तरी ऐकलेलं नाही.

स्लाईडवाला

उमरेडकर साहेब, ऐकलं नाही कारण तपासलं नाही. गोंड, माडिया, परधान यांच्यात आहे, पूर्वाश्रमीच्या महार समाजात आहे, कुणबी आणि तेली समाजांतही सापडते. कुठे प्रमाण जास्त, कुठे कमी, पण नळीला आडनाव दिसत नाही. आणि ही काही नवी बातमी नाही. भारतात पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या डोंगरातली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि ते काम आपल्या नागपुरातलं.

जंगलाचा संबंध आहे, पण तो वेगळा. जिथे फॅल्सिपेरम मलेरिया पिढ्यान् पिढ्या होता, तिथे सिकलचं एकच जनुक असलेली पोरं त्या मलेरियातून जास्त वाचली. वाचली म्हणून त्यांची पोरंबाळं झाली, आणि जनुक टिकलं. पुढे माणसं उमरेडला आली, नागपूरला आली, पुण्याला गेली. जनुक काय तिकडेच राहील?

उमरेडकर

मलेरियाचं माहीत नव्हतं. मुद्दा मान्य. "घाबरवण्यात" हा शब्द मागे घेतो, बाकी तपासणी सक्तीची नको यावर ठाम आहे.

पुणेकर आता

मूळ गाव पांढरकवड्याकडे, नोकरी पुण्यात. कॉलेजच्या शिबिरात "एएस" असं कार्ड मिळालं होतं, अजून पाकिटात आहे. दोन शंका आहेत. (१) मला थकवा असतो, तो यामुळेच का? (२) लग्नाचं बघणं सुरू आहे. मामा म्हणतात, कार्ड दाखवू नको, स्थळ मोडेल. काय करावं?

स्लाईडवाला

पहिल्याचं उत्तर: बहुतेक नाही. एएस म्हणजे एक जनुक साधं, एक सिकलचं. असा माणूस वाहक असते, रोगी नसते. त्याचं एचबी साधारण चांगलं असते, पेशीही पूर्ण दिवस टिकतात. एएस असून एचबी ८ आलं, तर दुसरं कारण शोधा, लोहाची कमतरता असू शकते, बी १२ असू शकते. लोक एएसच्या कार्डावर सगळं खापर फोडतात आणि बरा होणारा आजार तसाच राहून जाते. भर उन्हात पाण्याविना जीव तोडून पळणं तेवढं टाळा.

दुसऱ्याचं उत्तर आमच्या आशाताई जास्त चांगलं देतील, पण गणित मी देतो. तुम्ही एएस आणि ती एए (दोन्ही जनुकं साधी) असेल तर एकही मूल एसएस होणार नाही. निम्मी शक्यता एएसची, निम्मी एएची. दोघंही एएस असाल तर दर गरोदरपणी एसएसची शक्यता २५ टक्के, एएसची ५०, एएची २५. "दर" हा शब्द विसरू नका. चौघांत एकच आजारी, असा हा हिशोब नाही. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तीन मोकळी सुटत नाहीत. शेजारच्या गावात तिन्ही पोरं एसएस असलेलं घर आहे.

आणखी एक, तिच्याकडे सिकल नसून बीटा थॅलेसेमियाचं (हिमोग्लोबिनची बीटा साखळी कमी बनण्याच्या आजाराचं) जनुक असेल, तरी मुलाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकते. म्हणून नुसती सोल्युबिलिटी (नळीत रक्ताचा थेंब टाकून पाणी गढूळ होते का ते पाहायची तपासणी) नको, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीच करायचं, त्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे दिसतात.

गावची आशा

पुणेकर दादा, कार्ड दाखवा. मामांना माझा नमस्कार सांगा आणि दाखवा.

मी घरोघर फिरते म्हणून सांगते. तपासणी होते ती पोरींची. का, तर शाळेत होते, नाहीतर गरोदर राहिल्यावर होते. पोरगा तपासायला कोणी येत नाही. मग पोरीच्या हातात एएसचा कागद येते आणि तेवढ्यानंच ती "बिमार पोरगी" होऊन बसते. नवऱ्याचा कागद कुठे आहे? विचारलं की सासू म्हणते, आमचा पोरगा खणखणीत आहे. अहो, एएस असलेला पोरगा खणखणीतच असते! पुढे मूल एसएस निघालं की नाव परत तिचंच. जनुक दोघांकडून येते, एकट्या आईकडून एसएस होतच नाही, हे मी अंगणवाडीत बसून कितीदा सांगितलं असेल.

म्हणून माझं मत असं, की बायोडाटावर जिथे रक्तगट लिहितात तिथेच हे लिहावं, पोराचं आधी. सगळ्याइनी लिहिलं तर कोणा एकीचं नाव खराब होत नाही. एएसनं एएसशी लग्न करूच नये असंही मी म्हणत नाही. दोघांना माहीत असेल तर दिवस गेल्यावर सुरुवातीच्या तीन महिन्यांत वारेच्या नमुन्यावरून गर्भाची तपासणी करता येते. माहीतच नसेल तर तो रस्ताही बंद.

बालरोगवाला

आशाताईंना अनुमोदन. एक भर घालतो. "भारतातला सिकल सौम्य असतो" असं पुष्कळदा ऐकायला मिळतं. आपल्याकडच्या प्रकारात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं, हे खरं. पण नागपूरकडे अभ्यासलेल्या मुलांमध्ये तीव्र आजारही भरपूर दिसला आहे. सौम्य म्हणून फॉलोअप सोडू नका.

झाडीपट्टी

रक्त चढवाचं काय जी? भावाले थकवा आला की आई म्हनते, एक बाटली चढवून आना, ताजातवाना होते.

स्लाईडवाला

नुसत्या थकव्यासाठी चढवायचं नाही, दादा. एसएसचा माणूस ७-८ एचबीवर बऱ्याचदा चालता-फिरता असते, त्याच्या शरीराला सवय झालेली असते. आकडा नेहमीपेक्षा एकदम घसरला, छातीचा त्रास झाला, लकवा झाला, मोठं ऑपरेशन आहे, तेव्हा रक्त जीव वाचवते. पण दर पिशवीसोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येते, आणि ते बाहेर टाकायची वाट शरीराकडे नाही. साचत साचत ते यकृतात, हृदयात जाऊन बसते. गरज असेल तर सरकारी रक्तपेढीत सिकल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत आहे, कार्ड सोबत न्या.

लोहाची गोळीही मनानं सुरू करू नका आणि मनानं बंदही करू नका. एसएसच्या बाईलाही पाळीमुळे लोह कमी पडू शकते. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासलं की कळते.

मी_एसएस

कागदांचं पण लिहा कोणीतरी. बरं, मीच लिहिते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्र मिळतं, युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निघतं. एसटीत सवलत आहे, डेपोत विचारून घ्या. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून केंद्राची सिकलसेल मोहीम सुरू झाली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं त्यात ठरलं आहे. त्यात मुख्यतः सिकल असलेल्या आदिवासी पट्ट्यांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरली आहे, आणि ती मोफत. उमरेडकर काका, सक्ती नाहीच, फुकट आहे फक्त.

उमरेडकर

हा हा. पोरगी हुशार आहे. रविवारी नातवाला घेऊन जातो.

स्लाईडवाला

रविवारी लॅब बंद असते साहेब. सोमवारी या.

पुणेकर आता

बीट-डाळिंब खाऊन उपयोग नाही का मग? आई रोज डबाभर पाठवते.

गावची आशा

खा ना, चांगलंच आहे. पण लोहासाठी अंबाडी, चवळीची भाजी, हरभरा, आणि त्याच्यावर लिंबू पिळा, नाहीतर आवळा खा, मग ते अंगी लागते. जेवणावर लगेच चहा पिऊ नका. विदर्भात हे शेवटचं सांगणं म्हणजे वैर घेणं आहे, तरी सांगते.

वऱ्हाडी ठेचा

काल पोराले पीएचसीत नेलं. नयीत रक्ताचा थेंब टाकला तं पानी गढूय झालं, मांगच्या कागदावरच्या कायया रेघा दिसल्याच नाई. ताई म्हने, पॉझिटिव्ह हाय, पन एएस का एसएस थे यावरून समजत नाई, नमुना पुढं पाठवतो. आता माह्या बाप म्हनते, आनखी कायले टोचून रायले पोराले. अन् मले, बायकोले बी बलावलं हाय. आमचं काय काम?

स्लाईडवाला

त्या ताईंनी बरोबर सांगितलं. गढूळपणा एएसमध्येही येते आणि एसएसमध्येही. एचबी ७ च्या खाली असेल तर कधी कधी पाणी गढूळ होतच नाही आणि निगेटिव्ह समजून माणूस घरी जाते. तुमच्या पोराचं दिसलं, हे बरं झालं. इलेक्ट्रोफोरेसिसच्या आधी कुठेही रक्त चढवून घेऊ नका, दुसऱ्याच्या पेशी मिसळल्या की रिपोर्ट फसवा येते, मग तीन महिने थांबावं लागते.

तुमचं काम आहेच. पोराचा पॅटर्न (एएस, एसएस का आणखी काही) आईबापाच्या पॅटर्नवरून पक्का करता येते, आणि पुढचं मूल ठरवायचं असेल तर तेच लागते. रिपोर्ट येईस्तोवर पाणी भरपूर, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. घरात आणखी लेकरं आहेत का?

वऱ्हाडी ठेचा

मोठी पोरगी हाय, तेरा वर्साची. तिले काई नाई, धडधाकट हाय.

गावची आशा

तिलाही घेऊन जा दादा. आणि तुम्ही स्वतः बाही वर करून आधी बसा, पोरगी आपोआप बसते. उपाशी जायची गरज नाही.